गव्हर्नरच्या टपालातली फुली

प्रश्न : अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचे गव्हर्नर अ‍ॅडेलबर्ट एम्स यांना 1875 मध्ये आलेली पत्रं स्कॅनवरून वाचतो आहे. पाठीमागे वेगळ्या अक्षरात दुसरीच तारीख दिसते आणि सहीच्या जागी फुली. नेमकं काय धरायचं?

उत्तर : पाठीवरची नोंद कारकुनाची. पत्राची घडी घालून बाहेरच्या पट्टीवर पाठवणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि एका ओळीत आशय लिहीत. दुसरी तारीख बहुधा पत्र पोचल्याची असते. ती लिहिल्याची समजलात तर घटनाक्रमच उलटतो. 4 सप्टेंबरला मिसिसिपीतल्याच क्लिंटन गावी गोऱ्या-काळ्यांची दंगल झाली. त्या आठवड्यातल्या पत्रांत दोन दिवसांची चूकही महागात पडते.

फुली नीट पाहा : नाव आणि आडनावाच्या मधोमध ती असते, वर ‘हिज’, खाली ‘मार्क’ (त्याची खूण). म्हणजे अक्षर लेखनिकाचं, पण गाऱ्हाणं फुली मारणाऱ्याचं. गुलामगिरीत अनेक राज्यांनी काळ्यांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्यानंच रोखलं होतं, म्हणून सहीऐवजी फुली. तेव्हा सूचीत आधी नाव त्याचंच घाला, लेखनिकाचं नंतर. स्पेलिंग उच्चाराप्रमाणे असेल तर मोठ्यानं वाचा, शब्द उलगडतो. नक्कल करताना ते सुधारू मात्र नका.