किती मीटरवरून मारला म्हणजे स्नायपर?

प्रश्न : सर, मी दादरला राहते, एनसीसीत आहे. .२२ रायफलने २५ मीटरवर फायरिंग केलंय. माझा चुलतभाऊ पायदळात आहे. त्याच्याकडे ड्रॅगुनोव्ह रायफल असते आणि तो स्वतःला स्नायपर म्हणतो. माझा मित्र म्हणतो, हजार मीटरच्या आत मारणारा स्नायपर नव्हे, नुसता मार्क्समन, म्हणजे चांगला नेमबाज. २०२३ साली युक्रेनच्या स्नायपरने ३,८०० मीटरवरून नेम साधल्याची बातमीही वाचली. मग नेमकं अंतर कोणतं?

उत्तर : पोरी, आधी ही अंतरं डोळ्यांपुढे आण. आपली बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास भरते. पायदळाच्या इन्सास रायफलचा परिणामकारक पल्ला ४०० मीटर, म्हणजे दीड गाडीहून थोडा जास्त. ड्रॅगुनोव्हचा ८००, म्हणजे तीन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर त्यांच्याही थोडा पुढे. आणि ३,८०० म्हणजे अख्खा मरीन ड्राइव्ह संपून वर थोडं उरतं.

तुमचा वाद चाललाय तो दीड आणि तीन गाड्यांच्या मधल्या पट्ट्यावर. साध्या जवानाची रायफल जिथे कमी पडते, तिथून पुढचं कुणीतरी बघायला हवं. ब्रिटिश सैन्यात त्यासाठी सेक्शनमध्येच, म्हणजे आठ-दहा जवानांच्या तुकडीतच, एकाला ७.६२ मिलिमीटरची अचूक रायफल देतात आणि त्याला शार्पशूटर म्हणतात. सोव्हिएत सैन्याने १९६३ साली ड्रॅगुनोव्ह घेतली, पायदळाच्या तुकड्यांत वाटली आणि तसंच काम करणाऱ्याला सरळ स्नायपर म्हटलं. तुझा मित्र सांगतोय तो भेद पाश्चात्त्य सैन्यांतला आहे. हजार मीटरचा आकडा मात्र .३३८ लापुआसारख्या लांब पल्ल्याच्या काडतुसांना शोभणारा. आपल्या सैन्यातही आता तशा रायफली आल्या आहेत.

तरी अंतराला मी कमी लेखत नाही. १०० मीटरवर ज्या रायफलच्या गोळ्या ३ सेंटिमीटरच्या घेरात बसतात, तिच्याच ८०० वर २४ सेंटिमीटरमध्ये पसरतात, तेही वारा पडलेला असताना. मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी सुटतो तसा ताशी १४-१५ किलोमीटरचा आडवा वारा असला, तर ८०० वर गोळी मीटरभराहून जास्त बाजूला जाते. शिवाय ती पोचायला सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात चालता माणूस दोन पावलं पुढे गेलेला असतो. तुमच्या २५ मीटरवर यातलं काहीच जाणवत नाही. म्हणून लांबच्या कामाला जोडी लागते. एकाचं बोट ट्रिगरवर, तर दुसऱ्याचा डोळा दुर्बिणीत, तापलेल्या जमिनीवर थरथरणारी हवा वाचत. महूच्या स्नायपर कोर्समध्ये मला सगळ्यात जड गेलं ते हे हवा वाचणंच. नेम त्या मानाने लवकर बसला.

पण उलटही बघ. फिनलंडच्या सिमो हायहाने १९३९-४० च्या हिवाळ्यात पाचशेहून अधिक शत्रू टिपले असं मानतात, तेही साध्या लोखंडी साइटने. दुर्बीण लावली की डोकं वर काढावं लागतं, म्हणून ती त्याने नाकारली. अंतर बहुतेकदा काहीशे मीटरचंच. २००८ च्या नोव्हेंबरात नरिमन हाउसवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी एनएसजीचे स्नायपर कुलाब्यातल्या शेजारच्या इमारतींवर होते. यांना स्नायपर नाही म्हणायचं? मुळात हा शब्द आला स्नाइप या पक्ष्यावरून, आपला पाणलावा. भांडुप पंपिंगला हिवाळ्यात येतो. चिखलात दिसत नाही, उठला की वेडावाकडा उडतो. हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी अठराव्या शतकात त्याची शिकार करायचे. त्यात कस लागायचा तो दबा धरण्याचा आणि चपळाईचा.

नियंत्रण रेषेवर मी आणि माझा बडी, म्हणजे जोडीदार, एकदा दोन दिवस एका पायवाटेवर डोळे लावून पडलो होतो. पाणी बेताचं, अंगावर मुंग्या. कोण किती वाजता आलं, हातात काय होतं, सगळं लिहून आणलं. एकही गोळी झाडली नाही. कंपनी कमांडरांनी त्या कागदावरून पुढची गस्त आखली. माझ्या नोकरीतलं स्नायपर म्हणून सगळ्यात चोख काम मी तेच मानतो.

तेव्हा भाऊ सुट्टीवर आला की मीटर विचारू नकोस. एवढंच विचार, "दादा, तू सेक्शनबरोबर चालतोस, की रात्रीच बडीला घेऊन पुढे निघतोस?" सेक्शनबरोबर म्हणाला, तर तुझ्या मित्राचा शब्द त्याला लागू पडतो. बडीला घेऊन म्हणाला, तर पाचशे मीटरवरूनही तो पुरता स्नायपर आहे.