वाचक विचारतात : युद्धनौकेवरची शस्त्रे बदलता येतात काय?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी युद्धनौकांच्या मॉड्यूलर, म्हणजे स्वतंत्र सुटे भाग जोडून केलेल्या, रचनेविषयी होती. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

डॉकयार्ड रोड स्थानकाच्या फलाटावरून माझगाव डॉकची प्रचंड क्रेन रोज दिसते. आता तेथे युद्धनौका तुकड्यातुकड्यांनी बांधून जोडतात, असे वाचनात आले. म्हणजे पुढे गरज पडल्यास नौकेची तोफ किंवा क्षेपणास्त्रे काढून दुसरी बसवता येतील, असे समजावे काय?
— एक वाचक, माझगाव

तसे समजता येणार नाही. आपल्या प्रश्नात दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि बातम्यांतही त्यांची नेहमी गल्लत होते. आपण वाचलेली गोष्ट नौका बांधण्याच्या पद्धतीची आहे. पूर्वी आधी सांगाडा उभा राही, तो पाण्यात सोडला जाई आणि नळ, केबल, यंत्रे हे सारे नंतर अरुंद दालनांत माणसे उतरवून बसवले जाई. आता नौकेचे मोठमोठे ब्लॉक कार्यशाळेत वेगवेगळे तयार होतात, त्यांत नळ, केबलचे मार्ग, वायुवीजनाच्या नलिका आणि काही यंत्रेही आधीच बसवली जातात आणि मग ते ब्लॉक उचलून वेल्डिंगने एकमेकांना जोडले जातात. आपल्याला दिसणारी गोलियथ क्रेन ३०० टन वजन उचलू शकते, ती याच कामासाठी.

वेळेतला फरक पाहण्यासारखा आहे. शिवालिक या फ्रिगेटचे (मध्यम आकाराच्या युद्धनौकेचे) जलावतरण २००३ मध्ये झाले आणि ती नौदलात दाखल झाली २०१० मध्ये. प्रकल्प १७ अ या त्यानंतरच्या फ्रिगेटमालिकेतील उदयगिरी मे २०२२ मध्ये पाण्यात उतरली आणि ३७ महिन्यांत, जुलै २०२५ मध्ये, नौदलाच्या हाती सोपवली गेली. याचे सारे श्रेय ब्लॉकांना देणे मात्र अन्यायाचे होईल. शिवालिक तिच्या वर्गाची पहिली नौका होती, उदयगिरी दुसरी आहे आणि १७ अ चा आराखडाच शिवालिकच्या आराखड्यावरून विकसित झाला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये जलावतरण झालेल्या, १७ अ मधील पहिल्या निलगिरीलाही नौदलात दाखल होण्यास जानेवारी २०२५ उजाडला.

ब्लॉक एकदा जोडला की तो पुन्हा सुटा करायचा नसतो. निलगिरीवरील ७६ मिलिमीटरची तोफ, ब्राह्मोसची ८ आणि विमानविरोधी बराक-८ ची ३२ क्षेपणास्त्रे ही तिची कायमची शस्त्रसज्जा आहे.

मिक्सरची भांडी बदलावीत तशी शस्त्रे बदलता येणाऱ्या नौका जगात खरोखर आहेत काय? असल्यास जोडणी कशी करतात? मी यांत्रिकी अभियंता होतो, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर द्यावे.
— एक निवृत्त वाचक, विलेपार्ले

आहेत. सुरुवात जर्मनीत, हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस या गोदीत झाली आणि तिच्यामागचा हेतू मुख्यतः व्यापारी होता. परदेशांना नौका विकताना प्रत्येक ग्राहकाला निराळी तोफ, निराळे रडार हवे असे आणि दर वेळी नवा आराखडा करणे परवडत नसे. म्हणून तोफ, क्षेपणास्त्रे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरावीक मापांच्या चौकटींत बसवायच्या आणि नौकेवर त्या मापांचे तयार पाये ठेवायचे, अशी मेको पद्धत निघाली. या पद्धतीची पहिली नौका, अराडू, १९८२ मध्ये नायजेरियाच्या नौदलात दाखल झाली. पुढे मेको २०० या एकाच कुळातील फ्रिगेट तुर्कस्तान, पोर्तुगाल आणि ग्रीस यांनी घेतल्या, तर त्याच कुळातील अँझॅक वर्गाच्या ८ नौका ऑस्ट्रेलियाने आणि २ न्यूझीलंडने घेतल्या. पोर्तुगालच्या नौकांवर १०० मिलिमीटरची फ्रेंच तोफ आहे, तुर्कस्तानच्या नौकांवर १२७ मिलिमीटरची.

तरीही मेकोची शस्त्रे रोज बदलण्यासाठी नव्हती. ते धाडस डेन्मार्कने केले. १९८० च्या दशकात त्या देशाला टॉर्पेडो नौका, गस्ती नौका आणि सुरुंग काढणाऱ्या नौका अशा तीन जुन्या ताफ्यांच्या जागी नवे काही हवे होते, पण तितक्या नौका घेण्याइतका पैसा नव्हता. त्यातून स्टॅनफ्लेक्स पद्धत जन्मली. फ्लायव्हेफिस्केन वर्गाच्या सुमारे ५४ मीटर लांबीच्या १४ लहान नौका बांधल्या गेल्या आणि प्रत्येकीत मॉड्यूलसाठी चार कोनाडे ठेवले गेले, एक पुढे व तीन मागे. तोफ, जहाजविरोधी क्षेपणास्त्रे, विमानविरोधी क्षेपणास्त्रे, पाण्यात सोडण्याचा सोनार, सर्वेक्षणाची उपकरणे, इतकेच काय तेलगळती निस्तरण्याची सामग्रीही सारख्याच आकाराच्या पोलादी पेट्यांत बसवली गेली.

आपण अभियंता असल्याने खरी कसरत आपल्या ध्यानात येईलच. पेटी कोनाड्यात उतरवणे हा सोपा भाग आहे. साधी क्रेन ते अर्ध्या तासात करते. वीज, थंड पाणी, हवा आणि माहितीचे जोड दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच मापाचे आणि त्याच क्षमतेचे यावे लागतात. पायाची पातळी इतकी अचूक लागते की तोफेचा आणि नेमसाधन रडारचा संदर्भ दर वेळी जुळला पाहिजे. शिवाय नियंत्रण कक्षातील संगणकाला नवी पेटी कोणती आहे हे ओळखता आले पाहिजे, म्हणून डेन्मार्कने त्या कक्षातील कन्सोलही सर्व कामांसाठी एकसारखे ठेवले. जोडणीनंतरच्या चाचण्यांना काही तास लागतात.

माझ्या मते या पद्धतीचा मोठा लाभ एका रात्रीत नौकेचे काम बदलण्यात नाही. तोफ दुरुस्तीला काढली तर नौका गोदीत अडकून पडत नाही, कारण दुसरी पेटी बसवून ती समुद्रावर जाते आणि बिघडलेली तोफ किनाऱ्यावरील कार्यशाळेत सावकाश दुरुस्त होते. हा लाभ दिखाऊ नाही, म्हणून जाहिरातपत्रकांत तो क्वचितच आढळतो.

मग अमेरिकेची लिटोरल कॉम्बॅट शिप योजना का फसली? तीही याच कल्पनेवर उभी होती ना?
— एक विद्यार्थिनी, भांडुप

होती, आणि डेन्मार्कपेक्षा किती तरी मोठ्या महत्त्वाकांक्षेने. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यासाठी ४० नॉटांहून अधिक वेगाची नौका बांधायची आणि पृष्ठभागावरील लढाई, सुरुंगशोध व पाणबुडीविरोधी काम यांसाठी तीन वेगवेगळे संच आलटून पालटून वापरायचे, असे ठरले. फ्रीडम २००८ मध्ये आणि तीन सांगाड्यांची, ॲल्युमिनियमची इंडिपेंडन्स २०१० मध्ये दाखल झाली.

पहिली चूक क्रमाची होती. डेन्मार्कने बहुतांशी हाताशी असलेली, पारखलेली शस्त्रे पेट्यांत घातली. अमेरिकेने नौका आधी बांधल्या आणि संचांतील नवी उपकरणे त्यांच्या मागून विकसित होत राहिली. परिणामी सुरुंगविरोधी संच वापरास सिद्ध झाल्याचे जाहीर होईपर्यंत २०२३ साल आले. तोवर फ्रीडम आणि इंडिपेंडन्स या पहिल्या दोन्ही नौका २०२१ मध्ये सेवेतून बाहेरही पडल्या होत्या. पाणबुडीविरोधी संच तर २०२२ मध्ये गुंडाळण्यात आला.

दुसरी अडचण माणसांची होती, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. सुरुंग शोधणे आणि पाणबुडीचा माग काढणे ही दोन वेगळी कसबे आहेत, जी महिनोन्‌महिन्यांच्या सरावाने अंगवळणी पडतात. पेटी क्रेनने बदलते, पण ती चालवणाऱ्या पथकाचा सराव तसा बदलत नाही. त्यातच मूळ खलाशीसंख्या अवघी ४० च्या आसपास ठेवलेली होती. अखेर २०१६ मध्ये अमेरिकी नौदलाने अदलाबदलीचा विचार सोडला आणि प्रत्येक नौकेला एकच काम नेमून दिले. एक काम कायमचे ठरल्यावर, अदलाबदल शक्य व्हावी म्हणून राखलेली रिकामी जागा आणि त्यापायी झालेला खर्च वाया जातो, हे सांगायला नको.

मग हल्लीच्या कॉर्वेट आणि फ्रिगेटवर या कल्पनेतले काय उरले आहे?
— एक वाचक, गिरगाव

बरेच उरले आहे, फक्त त्याचे रूप निराळे आहे. सर्वांत यशस्वी मॉड्यूल म्हणजे डेकखाली उभ्या बसवलेल्या क्षेपणास्त्रकोठड्या. अमेरिकेची मार्क ४१ ही यंत्रणा आठ-आठ कोठड्यांच्या संचांत मिळते आणि पुरेशी खोली असेल तर एकाच कोठडीत वेगवेगळी क्षेपणास्त्रे ठेवता येतात. लहान आकाराची ईएसएसएम ही विमानविरोधी क्षेपणास्त्रे तर एका कोठडीत चार मावतात. येथे नौकेचे काम बदलण्यासाठी डेकवरचे काहीच हलवावे लागत नाही. दुसरे रूप म्हणजे मोकळे दालन. ब्रिटनच्या टाइप २६ फ्रिगेटमध्ये हेलिकॉप्टरच्या हँगरला लागून असे दालन आहे, ज्यात कंटेनर, छोट्या बोटी किंवा मानवरहित वाहने ठेवता येतात.

फ्रिगेटहून लहान असलेल्या कॉर्वेटच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागतो. प्रत्येक कोनाडा तेथे येऊ शकणाऱ्या सर्वांत जड पेटीच्या हिशेबाने बांधावा लागतो. वीज आणि थंड पाण्याची क्षमताही सर्वांत भुकेल्या यंत्राच्या मागणीइतकी ठेवावी लागते. डेकवर उंच चढवलेले प्रत्येक टन नौकेचा गुरुत्वमध्य वर नेते आणि तिचे स्थैर्य कमी करते. सहा हजार टनांच्या फ्रिगेटला हा भार पेलतो, दोन हजार टनांच्या कॉर्वेटला तो डोईजड होतो.

डेन्मार्कच्या त्या पेट्यांचे पुढे काय झाले, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. फ्लायव्हेफिस्केन वर्गाच्या काही नौका लिथुएनिया आणि पोर्तुगालला विकल्या गेल्या. सेवामुक्त झालेल्या लहान नौकांवरील ७६ मिलिमीटरच्या तोफा मात्र डेन्मार्कने स्वतःकडे ठेवल्या आणि इव्हर ह्युटफेल्ट वर्गाच्या आपल्या नव्या, सहा हजार टनांहून मोठ्या फ्रिगेटवर त्याच मापाच्या कोनाड्यांत बसवल्या. ब्रिटनच्या टाइप ३१ फ्रिगेटचा आराखडा याच वर्गावर आधारलेला आहे.