‘कणकुंबी’ बरोबर लिहूनही शून्य गुण?

प्रश्न : खानापूर तालुक्यात सातवीला शिकवते. गूगल फॉर्मवर चाचणी घेतली. मलप्रभेचा उगम कुठे, याचं उत्तर अनेकांनी बरोबर लिहिलं, तरी गुण शून्य. शिवाय भावंडांपैकी दुसऱ्याला फॉर्मच उघडेना.

उत्तर : बाई, मुलं चुकली नाहीत. लघुउत्तर तपासताना फॉर्म अर्थ पाहत नाही, अक्षरं जुळवतो. ‘आन्सर की’मध्ये, म्हणजे बरोबर उत्तरांच्या यादीत, फक्त ‘कणकुंबी’ असेल, तर ‘कनकुंबी’ किंवा ‘कणकुम्बी’ जुळत नाही. ‘१२’ आणि ‘12’ हीसुद्धा त्याच्या लेखी वेगळी उत्तरं. म्हणून संभवणारी सगळी रूपं तिथे एकेक करून भरा आणि ‘मार्क ऑल अदर आन्सर्स इनकरेक्ट’वर खूण करू नका. मग ‘रिस्पॉन्सेस’मधल्या ‘क्वेश्चन’ टॅबवर जा. सारखी उत्तरं तिथे एकत्र दिसतात. एकदा बरोबरची खूण केली की त्या सगळ्यांना गुण मिळतात. शुद्धलेखन तपासायचं नसेल तिथे सरळ बहुपर्यायी प्रश्न द्यावा, हे आमचं मत.

भावंडांची अडचण ‘लिमिट टू 1 रिस्पॉन्स’मुळे. त्याला गूगल खातं लागतं, एका खात्यावरून एकदाच उत्तर पाठवता येतं आणि घरात फोन एक, खातंही एकच. ते बंद करा. नाव व हजेरी क्रमांक हे प्रश्न अनिवार्य ठेवा.

आणखी एक : ‘करेक्ट आन्सर्स’ चालू असेल तर पहिल्या मुलाने फॉर्म पाठवताच त्याला उत्तरं दिसतात, आणि ती गल्लीभर होतात. सेटिंग्जमध्ये ते बंद ठेवा.