विश्वास ठेवावा, धरावा की बसावा?

प्रश्न असा आला आहे: "रोज सकाळी बायबलचा एक उतारा वाचते आणि त्यातून विश्वासाबद्दल काय शिकले ते चार ओळींत वहीत लिहिते. पण लिहिताना शब्दापाशी अडते. 'विश्वास' लिहू की 'श्रद्धा'? नीतिसूत्रांत 'भाव ठेव' असे येते, तो भाव कोणता? आणि स्वतःबद्दल लिहिताना मी 'विश्वासू' की 'विश्वासी'?"

आधी थोडक्यात. बायबलमधल्या अर्थाने लिहायचे असेल तर नाम 'विश्वास' हेच ठेवा. मात्र मराठीत हे नाम एकटे फारसे काही सांगत नाही. त्याच्यापुढे कोणते क्रियापद आले आणि मागे कोणता प्रत्यय लागला, यावरून अर्थ ठरतो. वहीतल्या बहुतेक अडचणी तिथेच सुटतात. खाली उद्धृत केलेले शब्द बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरातले आहेत. दुसरे भाषांतर हाताशी असेल तर शब्द वेगळा दिसेल. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्या १९२२ साली वारल्या आणि ते १९२४ साली संपूर्ण प्रसिद्ध झाले. अशी जुनी प्रत घरात असेल तर ती शेजारी ठेवून वाचावी. एकाच वचनाला दोन मराठी शब्द दिसले की मूळ शब्दाचा आवाका आपोआप कळतो.

आता क्रियापदे. विश्वास बसतो, असतो, ठेवला जातो, धरला जातो, टाकला जातो आणि उडतो. यातला 'बसणे' आपल्या हातात नाही. पुरावा दिसला, अनुभव आला, की विश्वास बसतो. म्हणून 'विश्वास ठेव' अशी आज्ञा करता येते, पण 'विश्वास बस' असे कोणी कोणाला सांगू शकत नाही. योहान १४:१ मध्ये येशू शिष्यांना सांगतो, देवावर विश्वास ठेवा, माझ्यावरही ठेवा. हे ऐकणारी माणसे तेव्हा घाबरलेली आहेत, त्यांचा कशावरच विश्वास बसण्याजोगी परिस्थिती नाही. तरी आज्ञा होते, कारण ती ठेवण्याची आहे. वहीत "आज माझा विश्वास बसला" आणि "आज मी विश्वास ठेवला" ही दोन वाक्ये एकमेकांच्या जागी लिहू नका. पहिल्यात घडलेली गोष्ट आहे, दुसऱ्यात केलेली.

योहानाच्या शुभवर्तमानाबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ग्रीक भाषेत विश्वासाला 'पिस्टिस' हे नाम आहे. ते योहानाच्या शुभवर्तमानात एकदाही येत नाही. येते ते क्रियापद, 'पिस्ट्युओ', आणि तेही ९८ वेळा. मराठीत 'विश्वास' आणि 'ठेवणे' असे दोन तुकडे करावे लागतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर नामावर खिळते. योहान वाचत असाल त्या महिन्यात वहीत फक्त क्रियापदे उतरवून पाहा: ठेवतो, ठेवला, ठेवशील, ठेवणारा. काळ आणि पुरुष बदलला की वचनाचा रोख बदलतो. वर सांगितलेल्या १४:१ मधले ग्रीक रूप तर 'ठेवता' असेही वाचता येते आणि 'ठेवा' असेही. मराठी भाषांतरकाराला एकच निवडावे लागते.

'धरणे' हे क्रियापद जुन्या मराठीच्या वळणाचे आहे आणि ते फार नेमके आहे. धीर धरणे, आशा धरणे, राग धरणे, संशय धरणे, विश्वास धरणे: मनाच्या आत जे घट्ट पकडून ठेवायचे त्याला मराठी 'धरणे' वापरते. याकोब १:६ मध्ये "काही संशय न धरता विश्वासाने मागावे" असे आहे. संशय आणि विश्वास दोन्ही धरण्याच्या गोष्टी, आणि धरणारे मन एकच. दोनच वचने पुढे, १:८ मध्ये, अशा माणसाला 'द्विबुद्धीचा' म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा शब्दशः अर्थ 'दोन जीवांचा'.

'संशय' आणि 'शंका' यांतही गल्लत होते. मराठीत शंका विचारता येते, ती फिटते, तिचे निरसन होते. संशय विचारत नाहीत. तो घेतात, धरतात, आणि तो कोणावर तरी असतो. उताऱ्यातले काही समजले नाही तर वहीत "शंका" लिहा. त्याने विश्वासाला काही बाधा येत नाही. मत्तय १४:३१ मध्ये पेत्राला विचारले जाते ते संशय का धरलास असे, आणि तिथल्या ग्रीक क्रियापदात दोन दिशांना ओढले जाण्याचा अर्थ आहे.

यानंतर प्रत्यय. इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या हिंदी-इंग्रजीच्या सवयीतून येतात. "देवामध्ये विश्वास" हे मराठी नव्हे. मराठीत विश्वास 'वर' असतो. "विश्वास करणे" हे हिंदीचे वळण आहे. मराठीत ठेवणे किंवा धरणे. "मला विश्वास आहे की" हे बोलण्यात सर्रास येते, पण लेखनात "माझा विश्वास आहे" असे लिहावे. 'मला' जुळते ते खात्रीशी: मला खात्री आहे, माझा विश्वास आहे. आणि "देवाचा विश्वास" असे लिहिले तर मराठी वाचक 'देवाने कोणावर तरी ठेवलेला विश्वास' असे समजेल. मार्क ११:२२ मध्ये ग्रीक रचना शब्दशः 'देवाचा विश्वास' अशीच आहे, तरी मराठीत तिथे 'देवावर विश्वास' केले आहे ते म्हणूनच.

'वर' आणि 'असा' यांतला फरक तर दोन वेळा अधोरेखित करण्यासारखा आहे. "देव एकच आहे असा विश्वास" आणि "देवावर विश्वास" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात विधान खरे मानले आहे, दुसऱ्यात कोणावर तरी भार टाकला आहे. याकोब २:१९ याच फटीत बोट घालते: देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात. तिथे 'असा' आहे. योहान ३:१६ मध्ये 'त्याच्यावर' आहे. वहीत 'असा' किती वेळा येतो आणि 'वर' किती वेळा, हे महिन्याच्या शेवटी मोजून पाहावे. 'असा'च फार झाला असेल तर वही धड्यांच्या टिपणांकडे झुकली आहे, एवढे कळते.

आता 'विश्वासू'. मराठीत विश्वासू म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवता येतो तो. मालकाचा विश्वासू नोकर. जो विश्वास ठेवतो तो नव्हे. मत्तय २५:२१ मधला "भल्या व विश्वासू दासा", गलतीकरांस ५:२२ मधला "विश्वासूपणा", प्रकटीकरण २:१० मधले मरेपर्यंत विश्वासू राहणे, ही सगळी याच अर्थाची. 'विश्वासी' हा शब्द ख्रिस्ती मंडळ्यांत 'विश्वास ठेवणारा' या अर्थी रूढ आहे. मंडळीत तो समजतो, पण बाहेरच्या मराठी वाचकाला तो 'विश्वासू'चेच अशुद्ध रूप वाटतो. समासात मात्र तो निर्धोक आहे, जसे 'अल्पविश्वासी'. एरवी 'विश्वास ठेवणारी', 'विश्वास धरणारे' असे मोकळे लिहावे.

ही गल्लत नुसत्या आळसाची नाही, तिला मुळात कारण आहे. ग्रीक 'पिस्टोस' या एकाच विशेषणात दोन्ही अर्थ आहेत: भरवशाचा आणि भरवसा ठेवणारा. योहान २०:२७ मध्ये थोमाला सांगताना तो 'विश्वास ठेवणारा' होतो, दासाच्या दाखल्यात तोच 'विश्वासू' होतो. रोमकरांस ३:३ मध्ये तर माणसांच्या अविश्वासासमोर देवाचा 'पिस्टिस' उभा केला आहे. तिथे मराठीला 'विश्वास' म्हणून चालत नाही, विश्वासूपणाकडेच वळावे लागते. मराठी दोन दारे करते तिथे ग्रीकला एकच दार आहे. म्हणून 'विश्वासू' आले की पानाच्या कडेला छोटी खूण करावी आणि विचारावे: इथे गुण कोणाचा सांगितला आहे, देवाचा की माणसाचा?

हिब्रूत हे आणखी खोल जाते, आणि रोज वाचणाऱ्याला इथे सर्वांत जास्त मिळते असे मला वाटते. 'एमुना' हा शब्द तीन ठिकाणी लावून पाहा. निर्गम १७:१२ मध्ये अहरोन आणि हूर मोशेचे हात दोन बाजूंनी धरून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. ते स्थिर राहणे म्हणजे एमुना. विलापगीत ३:२३ मध्ये "तुझी सत्यता थोर आहे" असे आहे. ती सत्यता म्हणजे एमुना. हबक्कूक २:४ मध्ये नीतिमान आपल्या विश्वासाने जगतो. तो विश्वासही एमुनाच, आणि हेच वचन पुढे रोमकरांस १:१७, गलतीकरांस ३:११ आणि इब्री १०:३८ मध्ये घेतले आहे. स्थिरपणा, सत्यता, विश्वास असे तीन मराठी शब्द, खाली मूळ एक. 'आमेन' त्याच धातूचा. प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणताना आपण 'हे पक्के आहे' असे म्हणत असतो. मोशेचे हात त्याच्या एकट्याच्या बळावर स्थिर नव्हते, हेही त्या उताऱ्यात लिहिलेलेच आहे.

याच धातूवर यशया ७:९ मध्ये शब्दखेळ आहे. विश्वास ठेवणार नाही तर टिकणार नाही, आणि दोन्ही क्रियापदे एकाच धातूची. 'विश्वास' आणि 'टिकणे' यांत तो खेळ हरवतो. मराठीत तो साधायचा तर जोडी तयार आहे: भाव नाही तर निभाव नाही.

त्यावरून 'भाव'. नीतिसूत्रे ३:५ मध्ये "अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव" आणि स्तोत्र ३७:५ मध्येही भाव ठेवण्याचीच आज्ञा आहे. दोन्हीकडे हिब्रू क्रियापद 'बाताख' आहे: निर्धास्तपणे भार टाकणे, विसंबणे. नीतिसूत्रातली पुढची ओळ हा अर्थ उघडच करते: आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस. बाजारातला भाव किंवा भावना हा तो भाव नव्हे. हरिपाठातल्या 'भावेंवीण भक्ति' मधला भाव ज्यांच्या कानात आहे त्यांना हा लगेच उमगतो: मनाची निखळ, एकवट ओढ. वहीत याचा सोपा प्रतिशब्द लिहायचा तर 'भरवसा' लिहावा. "भरवसा टाकणे" म्हटले की टेकण्याचे चित्र उभे राहते. इब्री ११:१ मध्येही विश्वासाची व्याख्या 'भरवसा' आणि 'खातरी' या दोन घरगुती शब्दांनी केली आहे.

गोव्याकडच्या वाचकांसाठी एक सूचना. तिथल्या ख्रिस्ती कोकणीत 'भावार्थ' म्हणजे विश्वास आणि 'भावार्थी' म्हणजे विश्वास ठेवणारा. फादर स्टीफन्सच्या १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराण या ओवीबद्ध मराठी ग्रंथातही भावार्थ याच अर्थाने येतो. आजच्या मराठीत भावार्थ म्हणजे सारांश, आशय. तो अर्थ तिथे लावला तर ओवीच्या ओवी चुकीची लागते.

राहिली 'श्रद्धा'. शब्द उत्तम आहे, कुळ थोर आहे. 'श्रत्' आणि 'धा' मिळून तो झाला: हृदय ठेवणे. ख्रिस्ती मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेल्या शब्दांतली कबुली, ज्या लॅटिन शब्दाने सुरू होतो तो 'क्रेडो' याच प्राचीन कुळातला आहे. मग तो का टाळायचा? टाळायचा नाही, त्याची जागा ओळखायची. श्रद्धेचे अनेकवचन होते, 'लोकांच्या श्रद्धा' असे आपण म्हणतो. बायबलमधल्या विश्वासाचे तसे अनेकवचन होत नाही. श्रद्धेत आदर आणि पूज्यभाव ठळक असतो, वचन पाळणाऱ्यावर विसंबणे तितके ठळक नसते. गुरूवर, ग्रंथावर, स्थानावर श्रद्धा बसते. पण कोणी शब्द दिला तर त्याच्यावर आपण विश्वास ठेवतो. शिवाय हिंदीत जो 'अंधविश्वास' तो मराठीत 'अंधश्रद्धा' आहे. त्यामुळे ती छाया मराठीत श्रद्धेवर पडते, विश्वासावर नाही. तुमच्या मंडळीत 'श्रद्धा' रूढ असेल तर खुशाल वापरा, फक्त एका नोंदीत दोन्ही शब्द एकाच अर्थाने नकोत.

लिहिण्याची रीत अशी ठेवता येईल. उतारा दहा-पंधरा वचनांपेक्षा मोठा घेऊ नका. एकदा मोठ्याने वाचा. विश्वास, भाव, भरवसा, सत्यता, विश्वासू यांपैकी जे आले ते वहीत उतरवा, पुढे क्रियापद आणि प्रत्ययासकट. मग स्वतःचे एकच वाक्य त्याच क्रियापदाने लिहा. क्रियापद बदलले की धडाही नकळत बदलतो, आणि बहुतेक वेळा तो 'बसणे'कडे घसरतो.

अशा वह्यांत येणारे वाक्य साधारण असे असते: "आज मी शिकले की मी देवामध्ये विश्वास करायला हवा आणि त्याला विश्वासी राहायला हवे." ते असे करावे: "मी देवावर विश्वास ठेवायला हवा आणि त्याच्याशी एकनिष्ठ राहायला हवे, हे आज कळले." एकनिष्ठ 'शी' घेतो, विश्वासू घेत नाही. आणि मार्क ९:२४ मधल्या बापासारखी अवस्था लिहायची असेल, ज्याने एकाच श्वासात आपला विश्वास सांगितला आणि अविश्वास घालवण्याची विनंती केली, तर "माझा विश्वास कमी आहे" असे मोजमाप लिहू नका. त्याने मोजले नाही, मागितले. "माझा अविश्वास घालव" असे मागणेच लिहा.

शेवटी लेखनाचे. 'श्रद्धा' मध्ये द आधी आणि ध नंतर. 'श्रध्दा' हे चूक. 'विश्वास' मध्ये 'श्व' आहे, 'श्र्व' नाही. हा 'श्वास'मधलाच श्व. 'वि' आणि 'श्वस्' मिळून शब्द झाला, मोकळा श्वास घेण्याचा.