लॅब्राडोरची फेरी

प्रश्न : निवृत्तीनंतर मुलाने लॅब्राडोर आणून दिला. त्याला केव्हा, किती फिरवावे?
– एक वाचक, दादर

उत्तर : पाण्यात पडलेली शिकार उचलून आणण्यासाठी जोपासलेली ही जात असल्याने पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दोन वेळा मिळून तासभर तरी फिरवावे, मात्र उन्हाळ्यात डांबर तापण्यापूर्वीच, आणि तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर मुळीच नव्हे. पावसाळ्यात साचलेले पाणी टाळावे, लेप्टोची (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस चुकवू नये. खांबापाशी तो हुंगत रेंगाळला की पट्टा ओढू नका. आधी कोण येऊन गेले, हे तो तिथेच ताडतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरची मंडळी तुमच्याआधी त्याचेच नाव घेऊ लागतील, याची (गोड) तयारी ठेवा. विष्ठेसाठी जुने वर्तमानपत्र सोबत असावेच.