तिसऱ्या कडव्याला हात उचल

प्रिय पोरी,

रविवारच्या उपासनेचा कीबोर्ड आता तुझ्याकडे आलाय, हे कळलं. आनंद झाला, थोडी काळजीही वाटली. कारण पहिली दोन वर्षं मी ते काम चुकीचंच समजून करत होतो.

गाणं माझ्या गळ्याला शोभेल त्या पट्टीत धरायचो. धृपदात सूर वर जायचा, मी मजेत चढायचो. तिसऱ्या कडव्यापर्यंत चाळीस माणसांत मी एकटाच गात असायचो. बाहेर पडताना लोक म्हणायचे, "काय सुरेख गायलास!" मी खूश. एक आजी मात्र एकदा सहज बोलून गेल्या, "तू गातोस ते बरं असतं बाबा, पुस्तक उघडावं लागत नाही." त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून आधी पट्टी उतरव. न शिकलेला गळा वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या (D) पलीकडे ताणतो आणि खाली मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, काळी पाचच्या (B♭) खाली विरून जातो. गाण्यातला सगळ्यात उंच सूर शोध, तो त्या पांढरी दोनवर आणून ठेव, बाकीचं पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण बघून घेईल. तुला स्वतःला ते बसकं वाटेल. वाटू दे.

मग श्वास. ठोके मोजून देणारा मेट्रोनोम सरावापुरता. सत्तरीतल्या माणसाला ओळ संपल्यावर हवा घ्यायची असते, आणि तू पुढे पळालीस की तो ती ओळ सोडूनच देतो. सोपी युक्ती सांगतो: वाजवताना तूही गा, ओठातल्या ओठात का होईना. तू श्वासासाठी थांबशील तिथे हातही थांबतात.

मोठ्या चर्चमध्ये हे झाकलं जातं. तिथे दोनशे जण गप्प राहिले तरी गाणं चालतं. आपल्यासारख्या मंडळीत आठ जण गप्प बसले की भिंतींना कळतं. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की, आपल्याकडे एकेक आवाज ओळखू येतो. कोण आजारी आहे, कोण रुसलंय, हे मला गाण्यातच आधी कळायचं.

गाणं लोकांचं की गायकांचं, हा ओढाताणीचा खेळ जुना आहे. सुमारे ११२ साली प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्राजानला ख्रिस्ती लोकांबद्दल कळवलं, तेव्हा पहाटेपूर्वी जमून ते आळीपाळीने ख्रिस्ताचं स्तोत्र म्हणतात, असं त्यात होतं. व्यासपीठ नाही, गायकवृंद नाही. चौथ्या शतकात लावदिकिया शहरातल्या धर्मपरिषदेने मात्र नेमलेल्या गायकांखेरीज कुणी गाऊ नये असा नियम केला. धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या चळवळीची पहिली गीतपुस्तकं १५२४ साली जर्मनमध्ये निघाली आणि गाणं पुन्हा बाकांवर आलं. १९६३मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही, गायकवृंद जपा म्हणतानाच, लोकांचा सहभाग राखायला बजावलं. तुझ्यामाझ्यासारखे हौशी वादक ते गाणं दर रविवारी नकळत परत काढून घेतात, एवढंच.

नवं गाणं महिन्याला एकच घे आणि लागोपाठ तीन रविवार तेच ठेव. तुला कंटाळा येईल तेव्हा कुठे लोकांना चाल बसू लागलेली असते. माइकवरून होणाऱ्या भांडणांत पडू नकोस. आणि प्रार्थनेखाली सतत काहीतरी वाजवत राहायची ती नवी खोड तर लावूनच घेऊ नकोस.

दफनविधीला मात्र फक्त जुनीच गाणी. एकदा एका गृहस्थांच्या पत्नीचा अंत्यविधी होता. ते पुढच्या बाकावर पुस्तक मिटून बसले होते, अंगठा पानात अडकवलेला. दोन कडवी मंडळीनेच म्हटली. तिसऱ्याला त्यांचे ओठ हलले, आवाज नव्हता, नुसते शब्द. गाणं नवं असतं तर तेवढंही जमलं नसतं.

या रविवारी एक करून बघ. ओळखीचं गाणं निवड, दोन कडवी वाजव आणि तिसऱ्याला हात उचल. पहिल्या ओळीला सगळे दचकतील, सूर जरा डगमगेल. घाबरून परत कीबोर्डवर हात टाकू नकोस. मागून दुसऱ्या बाकावरचा तो जाड, अर्धी मात्रा मागे राहणारा आवाज ऐकू येतो का, तेवढं मला कळव.

तुझ्याआधी तिथे बसणारा,
काका