बागेत गेलं की फक्त कामंच दिसतात. स्वतःची फुललेली बाग नुसती बघत बसायला कसं जमतं?

तुम्ही लिहिलंय, चैत्रात बाग फुलते, येणारेजाणारे कौतुक करतात आणि तुम्हाला मात्र तण, मावा कीड आणि वाळकी पानंच दिसतात. वाचून हसू आलं. माझंही दुखणं हेच होतं. आता बरंच कमी आहे, पूर्ण गेलंय असं म्हणणार नाही.

आमची बाग म्हणजे साताऱ्यात घरामागची जेमतेम दीड गुंठा जागा. आंबा, लिंबू, कढीपत्ता, शेवगा, चार मोगरे, कुंपणावर मधुमालती. पलीकडे शेजाऱ्यांचा कडुनिंब, त्याची सावली त्यांना आणि पाला आम्हाला. रविवारी सकाळी मी कात्री घेऊन बाहेर पडले की जेवणाच्या हाकेलाच आत यायची.

तीन वर्षांपूर्वी पाडव्याच्या सुमारास मधुमालतीच्या एका लोंबत्या फांदीला कचऱ्याचा पुंजका अडकलेला दिसला. कोळिष्टकं, वाळक्या पानांचे तुकडे, सालपटं, सगळं एकात एक गुंतलेलं. शेजारची डहाळी कापली आणि त्या फांदीला कात्री लावणार, तेवढ्यात पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं थांब, त्यातून चोच बाहेर आलीय." खरंच, बाजूला एक बारीक दार, दारावर छोटंसं छप्पर आणि आतून डोकावणारी बाकदार चोच. शिंजीर या चिमुकल्या, मध पिणाऱ्या पक्ष्याचं घरटं होतं ते. कोळ्याच्या जाळ्यानेच सगळं चिकटवलेलं असतं, म्हणून आपल्याला कचरा वाटतो.

आतली मादी भुर्रकन उडून गेली. माझं काळीज हललं. अर्ध्या तासाने परत आली तेव्हा कुठे आम्ही दोघींनी श्वास सोडला. पण मी कापलेल्या डहाळीमुळे घरट्यावर दुपारचं ऊन यायला लागलं होतं. मग थोड्या अंतरावर एक जुनं सुती पातळ बांधून सावली केली. आत डोकावून अंडी मोजायचा मोह मात्र आवरला. त्या बाजूला पाइप नाही, कात्री नाही, झाडू नाही, असा घरात हुकूम निघाला. अंडी उबवायचं काम एकटी मादीच करते, साधारण पंधरवडाभर. नर सावलीत काळाकुट्ट दिसतो, उन्हात आला की जांभळा-निळा चमकतो. पिल्लं निघाल्यावर भरवायला तोही येतो. हे सगळं मी पायरीवर बसून बघितलं, कारण दुसरं काही करायला मनाईच होती.

आणि तिथं बसल्यामुळेच मोगरा उमलताना पहिल्यांदा दिसला. मोगरा लावून नऊ वर्षं झाली होती, बरं का! सकाळी टपोऱ्या कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात ठेवायच्या, संध्याकाळी गजरा करायचा, एवढाच आमचा संबंध. झाडावरची कळी ऊन उतरलं की सैल व्हायला लागते. आधी टोकाशी पीळ सुटतो, मग बाहेरची एक पाकळी जरा मागे होते. रोखून बघत राहिलात तर काहीच हलत नाही. आत जाऊन चहाचं आधण ठेवून या, तेवढ्यात आणखी दोन पाकळ्या सुटलेल्या असतात. दिवेलागणीनंतर वासच सांगतो की बाकीच्याही उमलल्या.

यात कामाची निंदा नाही हं. डिसेंबरात पाणी तोडलं नसतं, जानेवारीत छाटणी करून शेणखत घातलं नसतं, तर एवढ्या कळ्या आल्याच नसत्या. पण ती कामं पौषातली. चैत्रात मोगऱ्याला पाण्याशिवाय आपल्याकडून फारसं काही नको असतं. आपणच उगीच लुडबुड करतो.

तेव्हापासून माझ्या सवयी एवढ्याच: पाणी आणि खुरपणी सकाळी उरकायची. संध्याकाळी सहानंतर बागेत रिकाम्या हाताने जायचं, चपला दाराशी आणि फोन घरात. फोन नेला की फोटो काढावासा वाटतो, फोटो काढताना मागची बादली दिसते, ती उचलायला गेलं की संपलंच. चारांपैकी एका मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या नाहीत. आणि बसायची जागा ठरलेली हवी. फिरत राहिलं की काम सापडतंच. आमच्या पायरीवरून कडुनिंबाचा मोहोर गळताना दिसतो, पाण्याच्या टाकीवर तांदळाच्या कण्या सांडल्यासारखा. सासूबाई तिथूनच चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या डाळीसाठी कैऱ्या हेरून ठेवतात. हे काम नाही का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मी नुसती बघतेय. तोडणार तू आहेस."

वसंत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचं थंड, हिरवं चित्र येतं. आपला वसंत तापलेला असतो, दुपारी बागेत उभं राहवत नाही. दुपारच्या वेळी बाग बघून नाराज होऊ नका, तेव्हा पानंही मलूल असतात.

यंदा शेवग्याची वाळकी फांदी उतरवायची असं ठरवलं होतं. परवा बघते तर तांबट पक्ष्याने तिला गोल भोक पाडलंय आणि खाली भुसा सांडलाय. फांदी आहे तिथेच आहे. भुसा मात्र मी लगेच झाडून काढला, तेवढं अजून सुटलेलं नाही.